पुन्हा पुन्हा येणारे नैराश्य : औषधही हवे, बोलणेही हवे

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या एक दिवसाच्या अभ्यासवर्गात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘कामगारांचे आरोग्य’ असा विषय छापला आहे. तुमची अपेक्षा असेल की मी रोस्टर, ड्युटीचे तास, रनिंग रूममधले जेवण आणि हॉस्पिटलातल्या रांगा यांवर बोलेन. त्या प्रश्नांवर आपण दर महिन्याला बोलतो, पुढेही बोलू. आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्याचे नाव आपल्या शाखेच्या इतिवृत्तात एकदाही आलेले नाही. तो आजार म्हणजे नैराश्य, डिप्रेशन. हा आजार मला स्वतःला तीन वेळा झाला आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना ही गोष्ट आज प्रथमच कळते आहे.

मी मॅट्रिक झालेला, खलाशी म्हणून भरती होऊन कॅरेज-वॅगनमध्ये फिटर झालेला माणूस. डॉक्टर नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे, ते अंगावर भोगलेले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलेले एवढेच आहे. औषध कोणते, किती आणि किती दिवस, हे ज्याचे त्याने डॉक्टरांनाच विचारावे.

पहिल्यांदा हे झाले २००४ साली. पहाटे तीनला जाग यायची आणि मग झोप नाही. जेवण जाईना. ब्रेक ब्लॉक बदलता बदलता हात थांबायचा आणि मी तसाच बसून राहायचो. मुलगी शाळेत पहिली आली तरी मला आनंद झाला नाही, हे माझ्याच लक्षात आले आणि मी घाबरलो. रक्त, लघवी, ईसीजी सगळे तपासले. सगळे नॉर्मल. मला ॲसिडिटीच्या गोळ्या आणि टॉनिक मिळाले. पाच महिन्यांनी ते आपोआप ओसरले. दुखणे अंगावर काढले आणि त्यालाच मी मर्दुमकी समजलो.

त्या मर्दुमकीची किंमत दुसऱ्याने मोजली. ती गोष्ट आज सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

२००९ साली आपल्या शाखेचा एक सभासद, गँगमध्ये काम करणारा, २१ वर्षे नोकरी झालेला, माझ्याकडे यायचा. त्याला दोन-अडीच वर्षांनी हाच त्रास व्हायचा. बाहेरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. मी त्याला म्हणालो, “अरे, गोळ्या खाऊन माणूस सुस्त होतो. मन खंबीर कर. मला बघ, मी नाही का निघालो त्यातून?” त्याने गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी तो राजीनाम्याचा कागद घेऊन युनियन ऑफिसात आला. मी विचारले, “विचार केलास ना?” त्याने मान हलवली. मी तो अर्ज नीट टाईप करून दिला. मंजूर झाला.

राजीनामा दिला की पेन्शनसाठी मागची सगळी नोकरी बुडते, हे तुम्हा-आम्हाला पाठ आहे. मलाही पाठ होते. चार महिन्यांनी त्याची पत्नी आली तेव्हा सगळ्या मुदती निघून गेल्या होत्या. ती मला काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “भाऊ, ते आजारी होते. तुम्हाला दिसलं नाही का?”

मित्रांनो, मला दिसले नाही. म्हणून हा आजार दिसतो कसा, ते आधी सांगतो.

वाईट बातमीने दोन दिवस मन खट्टू होणे म्हणजे नैराश्य नव्हे. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खचलेले राहते किंवा कशातच रस वाटत नाही. त्याच्या जोडीला झोप उडते किंवा फार येते, भूक बदलते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, आपण नालायक आहोत असे वाटते, जगणे नकोसे वाटते. यातल्या पाच गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांनी काम आणि घर अडू लागले, की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली. तिच्यात आढळले की आपल्या देशात वीस जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. या सभागृहात साठ माणसे आहेत. हिशेब तुम्हीच करा.

हा आजार परत येतो. एकदा होऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना तो पुन्हा होतो, आणि जितक्या वेळा येऊन गेला तितकी पुन्हा येण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘या वेळी बरा झालो’ एवढे पुरत नाही. पुढच्या वेळचा बंदोबस्त आजच करावा लागतो.

दुसऱ्यांदा मला झाले २०१२ साली. या वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, पण कसा? ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून पास काढून दुसऱ्या शहरात गेलो, खिशातून फी भरली आणि घरी सांगितले की युनियनची मीटिंग आहे. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावले, “पहिला आठवडा मळमळेल, पोट बिघडेल. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील, कधी जास्त. मध्येच सोडू नका.” तसेच झाले. पाचव्या आठवड्यात मी सकाळी उठून दाढी केली आणि वर्तमानपत्र शेवटपर्यंत वाचले. ज्याने हे भोगले नाही त्याला दाढी करण्यात काय मोठे, असे वाटेल. मला त्या दिवशी पगारवाढ झाल्यासारखे वाटले.

मग मी काय केले? गरज सरो, वैद्य मरो. तीन महिन्यांत गोळी बंद केली, तीही एका दिवसात. चक्कर यायची, डोक्यात वीज चमकल्यासारखे व्हायचे. मी म्हणालो, बघा, सवय लागली होती. ते चूक होते. या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही, पण शरीर त्यांना सरावते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. आणि बरे वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या असतात. आजार वारंवार येत असेल तर दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त.

२०१६ साली तिसरा झटका आला, आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा. मी गोळी पुन्हा सुरू केली. झोप आली, जेवण जाऊ लागले, पण मनातले बोलणे थांबेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “गोळीने तुम्हाला उभे केले आहे. आता चालायला शिकायचे आहे. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांकडे जा.” मी म्हणालो, “साहेब, बोलून काय होणार? बोलण्याचाच तर माझा धंदा आहे.”

त्या मानसशास्त्रज्ञ बाई माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. मला वाटले होते, त्या धीर देतील, उपदेश करतील. त्यांनी तसे काही केले नाही. त्यांनी विचारले, “पहाटे तीनला मनात काय चालते?” मी सांगितले : मी खोटा माणूस आहे, मी त्या गँगवाल्याचे घर बुडवले, मला सचिव राहण्याचा अधिकार नाही, माझ्यावाचून कोणाचे अडणार नाही. त्यांनी ते लिहून घेतले आणि विचारले, “तुम्ही डिपार्टमेंटल चौकशीत कामगारांचा बचाव करता ना? मेजर चार्जशीट आली तर पहिल्यांदा काय बघता?”

मी म्हणालो, एसएफ-५ आली की आधी आरोप मोघम आहे की नेमका, ते बघतो. मग कागद कोणते जोडले, साक्षीदार कोण, आरोपीला म्हणणे मांडू दिले का, हे बघतो.

त्या म्हणाल्या, “हे तुमच्या मनाने काढलेले चार्जशीट आहे. यात साक्षीदार कुठे आहे? आणि बचाव कोणी केला?”

बंधूंनो, मी गप्प झालो. इतकी वर्षे मी दुसऱ्यांसाठी एकतर्फी चौकशीविरुद्ध भांडलो आणि स्वतःची एकतर्फी चौकशी रोज पहाटे तीनला करत होतो. आरोप करणारा मी, चौकशी अधिकारी मी, शिक्षा देणारा मी, आणि बचाव करणारा कोणी नाही.

मग दर आठवड्याला पाऊण तास, असे सोळा वेळा आम्ही बसलो. मला वही घालायला सांगितली. एका रकान्यात काय घडले, दुसऱ्यात मनात काय आले, तिसऱ्यात त्याला पुरावा काय, चौथ्यात विरुद्ध पुरावा काय, शेवटी निष्कर्ष. या पद्धतीचा पाया अमेरिकेतले डॉक्टर ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात घातला, असे बाईंनी सांगितले. त्याच्या जोडीला दिवसाचे वेळापत्रक : सकाळी वीस मिनिटे चालणे, एका माणसाला फोन, एक छोटे काम पुरे करणे. मन लागो न लागो, आधी काम करायचे, मन मागून येते. आळशी माणसाला हे सांगायचे नसते, हे आजारी माणसासाठी आहे. म्हणून ते चमच्याचमच्याने द्यायचे असते.

त्या वहीत मी एकेक आरोप तपासला. ‘मी खोटा माणूस आहे’ : मोघम, सिद्ध नाही. ‘माझ्यावाचून कोणाचे अडणार नाही’ : पत्नीची साक्ष घेतली, सिद्ध नाही. आणि ‘मी त्याचे घर बुडवले’ : यावर आम्ही तीन आठवडे बसलो. बाईंनी मला खोटा दिलासा दिला नाही. राजीनामा मी लिहायला लावला नव्हता, आजार मी दिला नव्हता. पण गोळ्या सोडायला मी सांगितले होते आणि अर्ज मी टाईप केला होता. चौकशीच्या भाषेत निष्कर्ष निघाला : आरोप अंशतः सिद्ध. त्या म्हणाल्या, “जे सिद्ध झाले त्याचे काय करायचे ते ठरवा. जे सिद्ध झाले नाही त्याची शिक्षा भोगू नका.”

मी त्याच्या घरी गेलो, दोघांची माफी मागितली. आज तो उपचार घेतो, बरा आहे, दुसरीकडे काम करतो. पेन्शन परत आली नाही, येणारही नाही. आजचे हे भाषण त्या सिद्ध झालेल्या भागापोटी आहे.

आता मुद्द्याचे. गोळी आणि बोलणे, दोघांचे काम वेगळे आहे. गोळी झोप, भूक, ताकद यांना वर आणते. माणूस बोलण्याच्या स्थितीत येतो. ती नसती तर मी बाईंसमोर नुसता बसून राहिलो असतो. पण स्वतःविरुद्ध चार्जशीट काढायची मनाची खोड गोळीने मोडली नाही. ती बोलण्याने मोडली. शिवाय बोलण्यातून शिकलेले उपचार संपल्यावरही हाताशी राहते.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नव्हे. अमेरिकेत २००० साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे नैराश्य असलेले साडेसहाशेहून जास्त रुग्ण घेतले. फक्त औषध दिले त्यांच्यात शंभरात ४८ जणांना चांगला गुण आला. फक्त बोलण्याचा उपचार दिला त्यांच्यातही ४८. दोन्ही दिले त्यांच्यात ७३. त्या प्रयोगातल्या औषधाने यकृताला धोका असल्याचे पुढे दिसले, आज दुसरी औषधे वापरतात. पण दोन्हींची जोड सरस ठरते, हे पुढच्या अभ्यासांतही दिसले आहे. आजार सौम्य असेल तर नुसत्या बोलण्यानेही भागते. मध्यम किंवा तीव्र असेल, वारंवार येत असेल, तर दोन्हींचा आग्रह धरा.

कोणी म्हणेल, ही मोठ्या शहरांतली थेरं आहेत, आमच्या जंक्शनवर कोण मानसशास्त्रज्ञ येणार? त्याला गोव्याचे उत्तर आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केले. मानसोपचाराचे पूर्वीचे शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिले आणि त्यांच्याकडून नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. माझ्या वेळापत्रकासारखाच तो उपचार होता. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४९५ रुग्णांचा अभ्यास. नुसता नेहमीचा उपचार मिळाला त्यांच्यात तीन महिन्यांनी शंभरात ३९ जणांचा आजार ओसरला, बैठकांची जोड मिळाली त्यांच्यात ६४ जणांचा. म्हणजे माणसे तयार करता येतात. फर्स्ट एडचे प्रशिक्षण आपण घेतोच ना?

काही धोक्याच्या सूचना. पूर्वी कधी उलटा प्रकार झाला असेल, म्हणजे झोप न घेता अंगात वारे शिरल्यासारखा उत्साह, बेफाम खर्च, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याचे औषध वेगळे. थायरॉइड तपासून घ्या. दारूने झोप लागते असे वाटते, पण ती नैराश्य वाढवते. गाडी चालवणाऱ्या आणि सिग्नल-पॉइंट सांभाळणाऱ्या बांधवांनी औषध सुरू झाल्याचे रेल्वेच्या डॉक्टरांपासून लपवू नये. फिट होईपर्यंत सिकमध्ये राहावे. मरणाचे विचार येत असतील तर थांबूच नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

२०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपले सहकारी एकामागून एक गेले. रोज एक फोन. मे महिन्यात मला पुन्हा पहाटे तीनला जाग येऊ लागली. पण या वेळी घरात एक यादी होती. शेवटच्या बैठकीत बाईंनी ती माझ्या पत्नीला बसवून करून घेतली होती : पहाटे जाग, दाढी चुकवणे, टपाल न फोडणे, चहा गार होईपर्यंत बसून राहणे. यातल्या तीन गोष्टी आठवडाभर दिसल्या तर डॉक्टरांना फोन. फोन पत्नीने केला. डोस वाढवला, बाईंशी फोनवर सहा बैठका झाल्या. चौथा झटका दारातूनच परत गेला. मी एक दिवसही सिकमध्ये गेलो नाही.

आता आपली, युनियनची बाजू. कामगार हा आजार का लपवतो? मेडिकल कॅटेगरी जाईल, पगार कमी होईल, ऑफिसात ‘वेडा’ म्हणतील. ही भीती खोटी नाही, पण कायदा पूर्वीसारखा राहिलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू. त्यात उपचाराचा हक्क आहे आणि आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचाही हक्क आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या यादीत मानसिक आजार आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेने माणसाला काढू नये, दर्जा उतरवू नये, जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, असे कलम २० सांगते. प्रत्येक नैराश्य म्हणजे अपंगत्व नव्हे, त्याला प्रमाणपत्र लागते. पण कॅटेगरी जाणे म्हणजे चूल विझणे नव्हे, हे प्रत्येक सभासदाला सांगणे आपले काम आहे.

प्रशासनाकडे आपण या मागण्या करू, ठराव पुढच्या सत्रात मांडतो :

१. प्रत्येक विभागीय हॉस्पिटलात मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ, दोघांचाही ठरलेला वार असावा. फक्त गोळीची सोय म्हणजे अर्धी सोय.

२. औषध महिनाभराचे एकदम मिळावे. ‘स्टॉकमध्ये नाही’ म्हणून खंड पडता कामा नये.

३. बैठकीच्या दिवशी शिफ्ट बदलून मिळावी. आठवड्याला एक रजा कोणालाच परवडत नाही.

४. सिकच्या कागदावरचा आजार ऑफिसभर वाचला जाऊ नये.

आणि आपल्यावरही एक बंधन घालू, त्याला प्रशासनाची परवानगी लागत नाही. यापुढे राजीनाम्याचा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा कोणताही अर्ज आपल्या शाखेतून त्याच दिवशी टाईप होणार नाही. आठ दिवस थांबायचे, घरच्यांशी बोलायचे, आणि झोप-जेवण विचारायचे. नैराश्यात असताना माणसाने नोकरी, घर, लग्न यांचा मोठा निर्णय घेऊ नये; त्या आठ दिवसांत त्याला डॉक्टरपर्यंत नेणे ही आपली ड्युटी. आणि ‘मन खंबीर कर’ हे शब्द आपल्या ऑफिसात कोणी उच्चारू नयेत. ते मी उच्चारले होते.

चहाच्या सुट्टीत मी मागच्या खोलीत बसणार आहे. कोणाला स्वतःसाठी, भावासाठी, गँगमधल्या सोबत्यासाठी काही विचारायचे असेल तर यावे. दार लावून घेऊ. तिथले बोलणे इतिवृत्तात जाणार नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो.